किरकोळ कारणावरून

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला 'किरकोळ' हा शब्द रोज भेटतो, पण तो भेटला हे लक्षात राहत नाही. पहिल्या पानावर किरकोळ महागाईचा दर असतो. शहराच्या पानावर भाज्यांचे किरकोळ भाव असतात, अर्थपानावर किरकोळ गुंतवणूकदार असतात. क्रीडापानावर कुणी गोलंदाज किरकोळ दुखापतीमुळे सामन्याला मुकलेला असतो. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी 'किरकोळ अपवाद वगळता मतदान शांततेत' हा मथळा ठरलेला असतो. आणि आतल्या एखाद्या पानावर, बहुधा एकाच कॉलमात, किरकोळ कारणावरून कुणाचा तरी खून झालेला असतो.

शब्द एकच आहे, पण या सगळ्या जागी त्याचा अर्थ एक नाही. तो कुठे पैशाचं माप सांगतो, कुठे शरीराला झालेल्या इजेचं आणि कुठे माणसाच्या मरणामागच्या कारणाचं. हिंदी वर्तमानपत्रं यासाठी वेगवेगळे शब्द वापरतात: महागाई 'खुदरा' असते आणि खून 'मामूली' वादातून होतो. इंग्रजीतही दुकानदारीचा शब्द वेगळा आणि भांडणाचा वेगळा. मराठीनं ही सगळी कामं एकाच विशेषणावर टाकली आहेत. ती त्याच्याकडे कशी आली आणि त्यातून काय झालं, ते या लेखात बघू.

सुरुवात वहीपासून करायला हवी. जुन्या मराठी कोशांत 'किरकोळ'ला 'फुटकळ', 'सटरफटर' असे अर्थ दिलेले सापडतात. 'फुटकळ' म्हणजे मोठ्या ढिगातून फुटून निघालेलं, सुटं. 'सटरफटर' म्हणजे नाना प्रकारचं, एका जागी न बसणारं. या दोन्हींत आकारापेक्षा वर्गवारीचा भाग मोठा आहे. हा अर्थ आजही जिवंत आहे. कुठल्याही गणेशोत्सव मंडळाचा किंवा हाउसिंग सोसायटीचा जमाखर्च काढून पाहा. मांडव, वीज, पगार, दुरुस्ती अशी खाती लिहून झाली की तळाला एक ओळ असते: 'किरकोळ खर्च'. त्या ओळीतली रक्कम नेहमी लहानच असते असं नाही. कधी कधी ती विजेच्या बिलाहून मोठी निघते आणि वार्षिक सभेत त्यावरूनच गोंधळ होतो. तिला किरकोळ म्हणतात, कारण तिला दुसरं खातं नाही. ज्याला नाव देता आलं नाही किंवा द्यायचं नव्हतं, ते सगळं त्या ओळीत जातं.

ही ओळ लक्षात ठेवा. पुढे खुनाच्या बातमीत ती पुन्हा लागणार आहे.

बाजाराच्या बातमीत हा शब्द सगळ्यात सरळ वागतो, कारण तिथे त्याचा विरुद्धार्थी शब्द पक्का आहे: घाऊक. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तो क्विंटलच्या भावानं आणि दादर किंवा कोथरूडच्या भाजीवाल्याकडे तोच कांदा किलोच्या भावानं मिळतो. पहिला भाव घाऊक, दुसरा किरकोळ. यात कुणाला कमी लेखलेलं नाही, माल किती मापानं हातातून जातो एवढंच सांगितलं आहे. पण या मापाला दोन बाजू आहेत. शेतकरी विकतो घाऊक भावानं आणि मीठ, साबण, बियाणं घेतो किरकोळ भावानं, हे शेतकरी चळवळीत अनेकदा ऐकू येणारं वाक्य त्या दोन भावांमधल्या अंतराबद्दल आहे. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकासाठी ती भाव कोसळल्याची बातमी होती. मुंबईतल्या वाचकासाठी तीच बातमी किरकोळ बाजारात कांदा आवाक्यात राहण्याची होती. वर्तमानपत्र एकच असलं तरी आवृत्ती बदलली की कुठला भाव मथळ्यात जाणार ते बदलतं.

दुकानदारीतल्या या साध्या शब्दावरून एकदा केंद्र सरकार हललं होतं. २४ नोव्हेंबर २०११ला मनमोहन सिंग सरकारच्या मंत्रिमंडळानं अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानांमध्ये ५१ टक्के थेट परकीय गुंतवणुकीला मंजुरी दिली. दोन आठवड्यांत, ७ डिसेंबरला, विरोधामुळे तो निर्णय स्थगित करावा लागला. सप्टेंबर २०१२मध्ये सरकारनं तो पुन्हा आणला, तेव्हा तृणमूल काँग्रेसनं पाठिंबा काढून घेतला. ५ डिसेंबर २०१२ला लोकसभेत मतदान झालं आणि सरकार २५३ विरुद्ध २१८ मतांनी तरलं. मराठी वर्तमानपत्रांत या सगळ्याचा मथळा होता 'किरकोळ क्षेत्रात परकीय गुंतवणूक'. देशभरातल्या वाण्यांच्या दुकानांचा, हातगाड्यांचा आणि त्यावर चालणाऱ्या संसारांचा प्रश्न होता. 'किरकोळ' म्हणजे बिनमहत्त्वाचं, असा अर्थ त्या वर्षी कुणी घेतला असता तर त्याला बातमीच कळली नसती.

महागाईच्या बातमीत या शब्दानं जागा मिळवली ती अलीकडे. एके काळी महागाई म्हणजे घाऊक किमतींचा निर्देशांक, आणि तो दर आठवड्याला जाहीर व्हायचा. जानेवारी २०१४मध्ये ऊर्जित पटेल समितीनं अहवाल दिला की रिझर्व्ह बँकेनं ग्राहक किंमत निर्देशांकाकडे, म्हणजे प्रत्यक्ष गिऱ्हाइकाला पडणाऱ्या किमतीकडे बघून धोरण ठरवावं. २०१६मध्ये ते कायद्यात आलं: महागाई चार टक्के ठेवायची, दोन टक्के वरखाली चालेल. तेव्हापासून तुमच्या गृहकर्जाचा हप्ता ज्या आकड्यावर बराचसा अवलंबून आहे, त्याचं मराठी नाव आहे 'किरकोळ महागाई'. जुलै २०२३मध्ये टोमॅटो आणि इतर भाज्या भडकल्या तेव्हा हा आकडा ७.४४ टक्क्यांवर गेला होता, आदल्या महिन्यात तो पाच टक्क्यांच्या आत होता. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, म्हणून टोमॅटोला एवढं वजन. 'किरकोळ महागाईत मोठी वाढ' असा मथळा पहिल्यांदा वाचणाऱ्याला विनोदी वाटू शकतो. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा येतो त्याला तो विनोद वाटत नाही.

शेअर बाजाराच्या पानावर शब्द पुन्हा थोडा सरकतो. इथे तो माणसाला लागतो. आयपीओमध्ये दोन लाख रुपयांपर्यंत अर्ज करणारा तो 'किरकोळ गुंतवणूकदार', ही सेबीची व्याख्या आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'घाऊक' नाही, 'संस्थात्मक' आहे. व्याख्या पैशाची आहे पण विशेषण माणसाला चिकटतं, आणि आपल्या कानाला ते तसंच ऐकू येतं. सप्टेंबर २०२४मध्ये सेबीनं एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. माझ्या वयाचे, मोबाईलवर ॲप उघडून व्यवहार करणारे असंख्य लोक त्या आकड्यात आहेत. एकेकटे पाहिले तर ते किरकोळ, एकत्र केले तर ती रक्कम एखाद्या मध्यम राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पंक्तीला बसते.

इथपर्यंत 'किरकोळ'ला निकष आहेत. क्विंटल की किलो, दोन लाखांच्या आत की बाहेर, हे मोजून सांगता येतं. अपघाताच्या बातमीत तो शिरतो तेव्हा निकष सुटायला लागतात.

'दोन ठार, चार गंभीर, सात किरकोळ जखमी.' हे वाक्य मराठी वाचकाला पाठ आहे. कायद्यात मात्र 'किरकोळ जखम' असा वर्गच नाही. भारतीय दंड संहितेत 'दुखापत' आणि 'जबर दुखापत' असे दोन वर्ग होते आणि जबर दुखापतीचे आठ प्रकार कलम ३२०मध्ये मोजून दिले होते. हाड मोडणं किंवा निखळणं हा त्यातला एक, दात पडणं किंवा तुटणं हाही त्यातच. वीस दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तर तीही जबर दुखापत. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे वीस दिवस पंधरावर आले. म्हणजे मनगटाचं हाड मोडून प्लास्टर घातलेला माणूस कायद्याच्या लेखी जबर जखमी आहे. बातमीत तो बहुतेक वेळा 'किरकोळ'मध्ये जातो, कारण तो शुद्धीवर होता आणि संध्याकाळी घरी गेला. हातावर पोट असलेल्या गवंड्याच्या मनगटाला 'किरकोळ' म्हणणं म्हणजे काय, हे त्याच्या घरी विचारावं.

आणि क्रीडापानावर याच्या बरोबर उलट. एखाद्या वेगवान गोलंदाजाचा स्नायू किंचित ताणला गेला तर 'किरकोळ दुखापत' असा शब्द येतो खरा, पण त्याच्याखाली चारशे शब्दांची बातमी असते, स्कॅन कधी होणार, पुढच्या कसोटीत कोण खेळणार, सगळं. विशेषण तेच आहे. बातमीची लांबी पाहिल्यावर कळतं की कुणाचं किरकोळ किती मोठं आहे.

आता खुनाच्या बातमीकडे येऊ.

'किरकोळ कारणावरून' हा शब्दप्रयोग बातमीदाराच्या डोक्यातून निघत नाही. तो बहुतेक वेळा पोलीस ठाण्यातून येतो. 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' हे वाक्य फिर्यादींमध्ये इतक्या वेळा येतं की तो जवळजवळ छापील मजकूर झाला आहे. गुन्हा नोंदवणाऱ्याला त्या रात्री कारण माहीत नसतं किंवा माहीत असलं तरी ते लिहिण्याची घाई नसते, तपास पुढे व्हायचा असतो. बातमीदार तो एफआयआर वाचतो, रात्रीच्या आवृत्तीची वेळ गाठायची असते, आणि वाक्य जसंच्या तसं पानावर येतं. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत तीन महिने जाऊ शकतात. त्यात कदाचित खरं कारण असतं, पण तोवर बातमी जुनी झालेली असते. वाचकाच्या हातात कायमचा राहतो तो पहिल्या रात्रीचा शेरा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातही असंच आहे. खुनांचे हेतू तिथे वर्गवार दिलेले असतात. 'वाद' या मोठ्या वर्गाच्या आत मालमत्तेचे वाद, कौटुंबिक वाद, पैशांचे वाद, पाण्याचे वाद, आणि त्यांच्याच रांगेत 'किरकोळ भांडणं' असा एक स्वतंत्र रकाना असतो. जमाखर्चाच्या तळाची ती ओळ इथे भेटते. बाकीच्या रकान्यांना नाव आहे, याला नाही.

माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडे प्रत्येक बिघाडाच्या नोंदीत तीव्रतेचा रकाना असतो आणि तिथे 'मायनर' लिहायचं तर त्याचे निकष लिहून ठेवलेले असतात: किती लोकांचं काम अडलं, पैसे अडकले का, दुसरी वाट उपलब्ध आहे का. ते निकष परिपूर्ण नसतात. पण ते समोर असल्यामुळे कुणीही उठून म्हणू शकतो की हा शेरा चूक आहे. 'किरकोळ कारणावरून खून' या वाक्यात कारण कुणाच्या मापानं किरकोळ, हे लिहिलेलंच नसतं. त्यामुळे हरकत घ्यायला जागा राहत नाही.

एक प्रकरण पाहा. डिसेंबर २०१३मध्ये पंढरपूरला एका माणसानं पत्नीच्या डोक्यात हातोडा घातला. तो तिच्यावर संशय घ्यायचा, घरात भांडणं व्हायची, आणि त्या सकाळी ती चहा न करता घराबाहेर निघाली होती. मारल्यानंतर त्यानं रक्त पुसलं, तिला अंघोळ घातली आणि मग दवाखान्यात नेलं. ती वाचली नाही. त्यांच्या लहान मुलीनं हे पाहिलं होतं. सत्र न्यायालयानं २०१६मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या अपिलावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल २०२१च्या फेब्रुवारीत आला.

'चहा केला नाही' हे कारण बातमीच्या भाषेत अगदी नमुनेदार किरकोळ कारण आहे. पण न्यायालयात बचाव पक्षानं त्याच कारणाला अगदी उलटं विशेषण लावलं होतं. पत्नीनं चहा करायला नकार देणं ही आरोपीला मिळालेली 'गंभीर आणि अचानक चिथावणी' होती, असा तो युक्तिवाद होता. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी तो फेटाळला. पत्नी ही काही मालकीची वस्तू नव्हे, असं त्यांनी स्पष्ट केलं आणि अशा प्रकरणांमागे स्त्री-पुरुषांमधली विषमता आहे, बाईनं घरकाम करायचंच ही समजूत आहे, हे निकालात मांडलं. म्हणजे न्यायालयानं चहाला ना गंभीर म्हटलं, ना किरकोळ म्हणून सोडून दिलं. चहा हे कारणच नव्हतं, हे सांगितलं. कारणाला नाव दिलं आणि ते योग्य खात्यात टाकलं.

आपल्याकडच्या शेकडो एका कॉलमाच्या बातम्यांत हे नाव येत नाही. भाजीत मीठ जास्त झालं, जेवायला उशीर झाला, मोबाईल हातातून घेतला, अशी कारणं एकेकटी छापली जातात आणि एकेकटी किरकोळ दिसतात. वैयक्तिक गुंतवणूकदारांच्या तोट्याची बेरीज सेबीनं केली तेव्हा आकडा दिसला. या बातम्यांची बेरीज रोजच्या पानावर कुणी करत नाही.

जातीच्या बाबतीतही शब्द असंच काम करतो. मे २०१५मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाला मारहाण करून ठार करण्यात आलं. त्याच्या मोबाईलच्या रिंगटोनमध्ये बाबासाहेबांचं गाणं होतं आणि त्यावरून वाद झाला, अशी तक्रार होती. रिंगटोनवरून खून, म्हणजे किरकोळ कारण. पण ज्याला ते गाणं बंद करायला लावायचं होतं त्याला ते किरकोळ वाटत नव्हतं, आणि ज्यानं ते लावलं होतं त्यालाही नाही. दोघांनाही त्या गाण्याचा अर्थ नेमका कळत होता. तो किरकोळ वाटू शकतो फक्त तिसऱ्याला, जो या दोघांच्याही गावात राहत नाही.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. शेतातल्या रस्त्याचा वाद आणि एका मारहाणीच्या प्रकरणात दिलेली साक्ष ही त्यामागची पार्श्वभूमी होती. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१०मध्ये उच्च न्यायालयानं फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली आणि हत्या सूडातून झाल्याचं म्हटलं. शिक्षा झाली, पण खातं कोणतं, यावरचा वाद आजही मिटलेला नाही. दलित चळवळ तेव्हापासून जे विचारते आहे ते हेच: चौघं मेली हे तुम्ही मोजलंत, पण कशामुळे, ते कुठल्या ओळीत लिहिलंत?

याउलट काही खुनांची कारणं वर्तमानपत्रांनी कधीच किरकोळ ठरू दिली नाहीत. २७ एप्रिल १९५९ला मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटींनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. रूसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'नं नानावटींची बाजू लावून धरली. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयानं तो कौल मानला नाही, जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पत्नीच्या कबुलीनंतर गोळी झाडेपर्यंत शांत व्हायला पुरेसा वेळ गेला होता, म्हणून अचानक चिथावणीचा बचाव लागू होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तरी पुढे १९६४मध्ये त्यांना माफी मिळाली. वर्षानुवर्षं अग्रलेख, छायाचित्रं, चर्चा आणि नंतर चित्रपट. संशयावरून मारहाण आणि खून पंढरपुरातही झाला होता. एक 'मानवी शोकांतिका' झाली आणि दुसरी उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत जवळपास कुणाला माहीत नव्हती. दोन्हीकडे मारणाऱ्याच्या मनात मालकीची भावना होती. वर्दी, बंगला आणि इंग्रजी साप्ताहिक एकाच बाजूला होतं.

बातमीदाराच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. 'किरकोळ कारणावरून' लिहिताना प्रत्येक वेळी तुच्छता असते असं नाही. बऱ्याचदा त्यात एक हळहळ असते: एवढ्याशा गोष्टीवरून जीव घेतला! वाचकही ते तसंच वाचतो. कारण आणि परिणाम यांच्यातलं अंतर दाखवायला मराठीत याहून सोपा शब्द नाही. शिवाय तपास सुरू असताना मनानं कारण ठरवून लिहिणं हे अधिक वाईट. अनेक प्रकरणांत मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर पहिल्याच दिवशी छापून आलेलं आपण पाहिलं आहे. त्यापेक्षा 'किरकोळ' बरा, असं कुणी म्हटलं तर ते मला समजतं.

पण तिसरी वाटही आहे आणि ती भाषेला अवघड नाही. कारण माहीत नसेल तर 'कारण अजून स्पष्ट झालेलं नाही' असं लिहिता येतं. माहीत असेल तर ते विशेषणाशिवाय लिहिता येतं: पतीनं हातोडा मारला, त्याआधी तो तिच्यावर संशय घेत असे, आधीच्या तक्रारी आहेत किंवा नाहीत. अपघातात 'सात किरकोळ' ऐवजी 'सात जणांना उपचारानंतर घरी सोडलं' असं लिहिता येतं. मतदानाच्या दिवशी कुठल्या गावात यंत्र फोडलं आणि कुठे कुणाला केंद्रापर्यंत जाऊ दिलं नाही, हे दोन ओळींत मावतं. बाजारभावात शब्द जसाच्या तसा राहू द्यावा. तिथे तो प्रामाणिक आहे, कारण तिथे त्याच्या शेजारी आकडा असतो.

वार्षिक सभेत एखादे काका उठून विचारतात, 'किरकोळ खर्च बावीस हजार, हा कशाकशाचा?' खजिनदार वैतागतो, पण वही उघडून वाचून दाखवतो. बातमीतल्या 'किरकोळ'लाही हाच प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारायचं काम आपलं, वाचकांचं आहे.